बिअर वाळूजची, कर कुणाचा?

"वाळूजच्या कारखान्यातून बिअरची पेटी बाहेर पडते ना मामा, ती सरकारचं शुल्क भरूनच पडते. वर्षाला हजारो कोटी रुपये आपल्या जिल्ह्याच्या नावावर जमा होतात. आणि आपल्याला काय मिळतं? कितीतरी वसाहतींत आठवडा-आठवडा नळाला पाणी नाही."

बोलणारी चाळिशीतली कर सल्लागार. तिचं कार्यालय संभाजीनगरच्या क्रांती चौकात, जालना रोडच्या अंगाला. ऐकणारे तिचे मामा मूळचे अंबड तालुक्यातले, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, आणि नोकरी लागण्याआधी बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडलेले. मी तिसरा, रिटर्नची फाइल घेऊन आलेला. खाली कुठल्याशा मागणीचं धरणं बसलं होतं. या चौकाला त्याची सवय आहे. ९ ऑगस्ट २०१६ चा पहिला मराठा क्रांती मोर्चा इथूनच निघाला. घोषणांमुळे खिडकी लावून घ्यावी लागली आणि मग आतच वाद रंगला.

"पेटी वाळूजहून निघते हे खरं," मामा म्हणाले. "पण पिते कोण?"

"पितात सगळीकडे. मुंबईत, पुण्यात, नाशकात."

"मग शुल्क कोणी दिलं? कारखान्याने चलन भरलं, पण पैसे दादरच्या पिणाऱ्याच्या खिशातून गेले. आपण नुसते गल्ल्यावर बसलोय. गल्ल्यावरचा माणूस म्हणाला, दुकान माझ्या पैशावर चालतं, तर त्याला काय म्हणशील?"

"पण पाणी तर आपलं जातं! जायकवाडीचं."

"ते बोल. त्याबद्दल मी तुझ्या बाजूने उभा राहीन." २०१६ च्या उन्हाळ्यात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने दारू कारखान्यांच्या पाण्यात मोठी कपात करायला लावली होती, याची त्यांनी आठवण करून दिली. "शुल्क पिणाऱ्याचं आणि पाणी आपलं. तुझ्या वहीत शुल्काला रकाना आहे. पाण्याला आहे का?"

भाची एवढ्याने गप्प बसणारी नव्हती. तिने वाद वरच्या मजल्यावर नेला. देशाच्या प्रत्यक्ष करांपैकी एक-तृतीयांशाहून अधिक रक्कम महाराष्ट्रात जमा होते. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी राज्यांमध्ये जे वाटप ठरवलं, त्यात महाराष्ट्राला ६.३१७ टक्के. उत्तर प्रदेशाला १७.९३९, बिहारला १०.०५८. "आता सांगा, देतो कोण आणि घेतो कोण?"

"जमा होते म्हणालीस. देतो म्हणाली नाहीस. सीए लोकांची भाषा बरी असते," मामा हसले. "बजाजचा कारखाना वाळूजला आला १९८५ ला. गाड्या इथे जुळतात, घाम इथे गळतो. कंपनीचं नोंदणीकृत कार्यालय कुठे? आकुर्डीला. मग आयकर कुठल्या खात्यावर चढला? पुण्याच्या. स्टेट बँकेचं मुख्यालय मुंबईत. गयेच्या दुकानदाराने कर्ज घेतलं, व्याज भरलं, त्यातून बँकेला नफा झाला, तर त्याचा कर मुंबईत मोजला जातो. पुढे आपण म्हणतो, मुंबईने दिला."

"सगळंच तसं नाही हं मामा. मुंबई-ठाणे-पुण्याचे पगार काही गयेहून येत नाहीत. त्यातून कापलेला टीडीएस खराखुरा तिथलाच आहे."

"आहे. पण किती तिथला आणि किती बाहेरचा, हे तुझ्या आकड्यात कुठे दिसतं?"

ते दिसत नाही, हे तिनेच मग खुलासेवार सांगितलं, आणि मला वाटतं त्या दुपारचा सगळ्यात कामाचा भाग तो होता. वाळूजला बनलेली एक दुचाकी घ्या. कंपनीच्या नफ्यावरचा आयकर नोंदणीकृत कार्यालयाच्या गावी मोजला जातो. कामगाराच्या पगारातला टीडीएस मालकाच्या टॅन क्रमांकावर चढतो, तो क्रमांक कुठल्या शहरात घेतला असेल तिथे. आणि १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला, तो खपाच्या जागी लागतो. दुचाकी पाटण्याला विकली की राज्याच्या वाट्याचा कर बिहारला. तीच गाडी गारखेड्यात विकली तर महाराष्ट्राला. बिअरचं उलटं आहे. दारू वस्तू व सेवा कराच्या बाहेर ठेवलेली असल्यामुळे तिचं उत्पादन शुल्क कारखान्याच्या दारात मोजलं जातं. म्हणजे आयकराने मुंबई-पुणे फुगतात, दारूने संभाजीनगर फुगतं, जीएसटीने जिथे बाजार मोठा ते राज्य फुगतं. माणसं तीच, गल्ले तीन. खालच्या घोषणांत 'आमचा पैसा' हे शब्द अधूनमधून वर येत होते. कुठल्या गल्ल्यातला, हे विचारायला खाली जावं असं मला क्षणभर वाटलं.

"पण एक गोष्ट तुम्हाला मान्य करावी लागेल," ती म्हणाली. "केंद्र राज्यांना ४१ टक्के देतं म्हणतात, ते वाटपयोग्य रकमेच्या ४१ टक्के. उपकर आणि अधिभार त्या रकमेत येतच नाहीत. माझ्या अशिलाच्या आयकरावर चार टक्के आरोग्य-शिक्षण उपकर लागतो, त्यातला पैसाही राज्याकडे हक्काने येत नाही."

हे मामांनी ताबडतोब मान्य केलं. नंतर सूत्राबद्दल मात्र ते ठाम राहिले. पंधराव्या वित्त आयोगाच्या सूत्रात सर्वाधिक, म्हणजे ४५ टक्के, भार उत्पन्नातल्या अंतराला होता. ज्या राज्याचं दरडोई उत्पन्न वरच्या राज्यांपासून जितकं खाली, तितका त्याचा वाटा मोठा. म्हणजे महाराष्ट्राला कमी मिळतं ही सूत्रातली चूक नव्हे. त्या सूत्राकडून तेच अपेक्षित आहे.

"आणि तू ते सूत्र मोडायला निघालीस तर सर्वात आधी आपणच बुडू. मुंबईने बिहारबद्दल जे म्हणायचं, तेच मुंबईने मराठवाड्याबद्दल म्हटलं तर काय उत्तर देशील?"

"म्हणतातच की."

"मग? दिल्लीत आपण देणारे म्हणून ओरडायचं आणि मुंबईत मागासलेले म्हणून मागायचं, दोन्ही एकाच तोंडाने?"

यावर तिने दिलेलं उत्तर मला आवडलं. मराठवाडा भीक मागत नाही, कराराची अंमलबजावणी मागतो, असं ती म्हणाली. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद मुक्त झालं. त्यानंतर पाचच वर्षांनी, २८ सप्टेंबर १९५३ ला झालेल्या नागपूर करारात खर्चाचं वाटप लोकसंख्येच्या प्रमाणात करायचं आणि मराठवाड्याच्या मागासलेपणाकडे खास लक्ष द्यायचं ठरलं. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३७१ मध्ये त्याला जागा मिळाली: विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी स्वतंत्र विकास मंडळं, निधीचं न्याय्य वाटप. "यात कोण किती कर देतो याचा एक शब्द नाही. माणसं किती आणि उणीव किती, एवढंच."

"म्हणजे तू माझ्याच बाजूला आलीस."

"अजिबात नाही. करार झाला १९५३ ला, घटनेत आलं १९५६ ला, आणि मंडळं स्थापन झाली १९९४ ला. ३० एप्रिल २०२० ला मुदत संपली. आता त्यांचं नाव कोण काढतं? हिशेब न मागण्याचा परिणाम आहे हा."

आता राज्यांच्या हिशेबावरून घरांच्या हिशेबाकडे वळू, कारण दोघांचा खरा खटका तिथे उडाला. भाचीने माझा फॉर्म १६ ओढला आणि 'व्यवसाय कर २,५००' या ओळीवर बोट ठेवलं. महिन्याला २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. राज्यातल्या पगारदारांच्या स्लिपवर ही ओळ वर्षानुवर्षं छापली जाते. पंचवीस हजारांपर्यंत पगार असलेल्या बायकांना २०२३ पासून सूट आहे, बाकी बहुतेकांना नाही. "यांना विचारा, हे कशाला कापतात ते."

मला माहीत नव्हतं. मामांना होतं.

"माझ्यासाठी कापतात," ते म्हणाले.

बहात्तरला त्यांचं घर खडी फोडायला गेलं. दुपारी सुकडी मिळायची, रेशनवर अमेरिकेहून आलेली तांबडी मिलो ज्वारी. मे १९७३ मध्ये राज्यभर सुमारे ५० लाख माणसं अशा कामांवर होती. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची कल्पना आधीपासून तयार होती. सांगली जिल्ह्यात तासगावकडे तिचा प्रयोगही झाला होता. मागेल त्याला काम, ही ती कल्पना. पैसा कुठून आणायचा? १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा झाला, तो याच कामासाठी. शहरातल्या नोकरदार, वकील, डॉक्टर, व्यापारी यांच्याकडून घ्यायचा, राज्याने तेवढीच रक्कम आपल्या तिजोरीतून घालायची आणि खेड्यात काम काढायचं. व्यापारी जागांच्या कराच्या बिलावर 'रोजगार हमी कर' म्हणून जी ओळ असते तीही त्यातलीच. रोजगार हमीचा कायदा १९७७ चा, लागू झाला २६ जानेवारी १९७९ ला. शहरवाल्यांना तोंडावर सांगून, तुमचा पैसा तिकडे जाणार आहे, असा कर बसवण्याचं धाडस नंतर फार कमी वेळा दिसलं.

"आमच्या शिवारातला पाझर तलाव रोजगार हमीचा," मामा म्हणाले. "मुंबईच्या कारकुनाने भरला आणि आम्ही खाल्ला. देणारं घर, घेणारं घर. तुला हवा तसा स्वच्छ हिशेब. झालं समाधान?"

"नाही. तलावाचं पाणी कुणाच्या विहिरीत उतरलं?"

मामा थांबले.

"खालच्या अंगाला ज्यांची जमीन त्यांच्या," तीच म्हणाली. "मजुराला मजुरी मिळाली, तीही काम असेपर्यंत. बागायत झाली ती जमीनवाल्याची. आणि आजोबांची जमीन तलावाच्या खालीच होती ना?"

"होती."

"मग घेणारं घर कुठलं? आणि सगळाच मजूर वर्ग घर मोडून धारावीत उतरला असता तर कारकुनाच्या मुंबईचं काय झालं असतं? कारकुनालाही काहीतरी मिळालंच की. मग ते कुठे लिहायचं?"

इथे गंमत झाली होती. हिशेब मांडायलाच हवा म्हणणारी भाची हिशेब किती अवघड आहे ते दाखवत होती, आणि हिशेबाला भिणारे मामा तो सोपा करून सांगत होते. मामांनी स्वतःला सावरलं ते दुसऱ्या बाजूने. मजूर कर देत नाही, हा समजच मुळात चुकीचा आहे, ते म्हणाले. तो रिटर्न भरत नाही एवढंच. साबण, चप्पल, मोबाइलचं रिचार्ज, मोटारसायकलमधलं पेट्रोल, सगळ्यात कर आहे. आणि १ ऑक्टोबर २०१५ पासून राज्याने पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे दोन रुपये अधिभार बसवला, तो दुष्काळासाठी. "त्या वर्षी मराठवाड्यात पाण्याचे टँकर पळत होते. टँकर डिझेलवर पळतो. म्हणजे दुष्काळवाल्यानेच दुष्काळाचा कर भरला. त्याला तू देणारा धरतेस की घेणारा?"

"दोन्ही."

"मग वही मांडून उपयोग काय?"

"उपयोग हा, की रोजगार हमीच्या मजुरीचा मोठा भार २००६ पासून केंद्राच्या कायद्यावर गेला, तरी ह्यांचे दोनशे रुपये कापणं चालूच आहे. त्या पैशाचं आता काय होतं, हे विचारायला वही लागते."

घराच्या हिशेबात आणखी एक अडचण आहे, ती मामांनी अगदी सहज सांगितली. भाचीचा जन्म घाटीतला, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्यातला. शाळा जिल्हा परिषदेची. कॉलेज अनुदानित. पंचविशीपर्यंत ती शुद्ध घेणारी होती, आता देणारी आहे, पुढे पुन्हा घाटीत जावं लागलं तर परत घेणारी. "एका वर्षाच्या फॉर्म १६ वरून तू एका घराला देणारं म्हणतेस. मी त्याच माणसाला शाळेच्या खिचडीच्या रांगेत उभं असलेलं पाहिलंय." दीड हजाराच्या 'लाडकी बहीण' योजनेवर शहरात जी कुजबुज चालते, तिचा राग त्यांच्या या बोलण्यात होता. भाचीला तो कळला, तिने उत्तर दिलं नाही. मला विचाराल तर या मुद्द्यावर मामा निर्विवाद पुढे होते.

पण मग कर-देणीघेणीच्या या वहीला काही पर्याय आहे का? आहे, आणि तो महाराष्ट्रातच तयार झाला. १९८३ मध्ये राज्याने अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिने कोण किती कर देतो हा प्रश्नच घेतला नाही. रस्ते, सिंचन, शाळा, दवाखाने, पाणीपुरवठा, वीज अशी नऊ क्षेत्रं घेतली, राज्याची सरासरी काढली आणि कुठला जिल्हा सरासरीच्या किती खाली ते मोजून त्याला रुपयांत किंमत लावली. १९८४ च्या अहवालात एकूण अनुशेष निघाला सुमारे ३,१८७ कोटी, त्यात मराठवाड्याचा सुमारे ७५१ कोटी. 'अनुशेष' हा शब्द तेव्हापासून मराठवाड्याच्या प्रत्येक भाषणात आहे. नंतर २०११ मध्ये विजय केळकरांची समिती आली. हे केळकर तेराव्या वित्त आयोगाचेही अध्यक्ष होते, म्हणजे राज्याराज्यांतलं वाटप आणि राज्यातल्या विभागांतलं वाटप, दोन्ही प्रश्न हाताळलेला माणूस. अहवाल २०१३ चा. त्यावर चर्चा भरपूर झाली.

"दांडेकरांची वही मला चालते," मामा म्हणाले. "ती विचारते, तुझ्याकडे काय नाही. तुझी वही विचारते, तू काय दिलंस. दुसऱ्या प्रश्नाला गरीब जिल्हा कायम नापास होणार. तुझा नियम संभाजीनगरने लावला तर हिंगोलीला काही मिळायचं नाही."

"आणि दांडेकरांच्या वहीत खर्च झाला की अनुशेष भरला असं धरतात. कालव्यावर पैसे खर्च झाले, पाणी आलं नाही. तुम्ही पाटबंधारे खात्यात होतात, मी काय सांगू?"

मामांनी चहा मागवला.

चहा येईपर्यंत त्यांनी एक जुनी गोष्ट काढली, आणि ती या चौकाचीच होती. १८५७ च्या जूनमध्ये इथल्या छावणीतल्या हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाने बंड केलं. इथला काळा चबुतरा त्या बंडवाल्यांना दिलेल्या देहदंडाच्या आठवणीशी जोडलेला आहे. या फौजेचा पगार कोण देत होतं? फौज नावाला निजामाची, हुकूम इंग्रजांचा. पगार थकला म्हणून १८५३ च्या तहात इंग्रजांनी वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिवकडचा मुलूख लावून घेतला. वसूल त्यांनी करायचा, फौजेचा आणि कारभाराचा खर्च वळता करायचा, उरलेलं निजामाला द्यायचं. वऱ्हाडच्या कापसावर औरंगाबादचे घोडे पोसले जात होते. धाराशिवचा शेतकरी इथल्या शिपायाला पगार देत होता, आणि दोघांनाही ते ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

"१८६० ला नवा तह झाला. धाराशिव आणि रायचूर परत मिळाले. वऱ्हाड राहिलं इंग्रजांकडे. आणि एक कलम होतं: निजामाने त्या मुलखाच्या जमाखर्चाचा हिशेब मागायचा नाही. मागचा नाही, चालू नाही, पुढचा नाही."

भाचीने टेबलावर हात आपटला. "बघा! हेच तर मी मघापासून सांगतेय. शिल्लक कुणाची निघते हे नंतर. हिशेब मागण्याचा हक्क गेला की शिल्लक निघतच नाही."

"मी हक्क सोड म्हणालो नाही. काय मोजायचं ते नीट ठरव म्हणालो."

मग ती पाण्यावर परत आली, कारण तिथे तिच्याकडे मोजलेलं माप होतं. शहराची पाणीपट्टी वर्षाला ४,०५० रुपये होती, २०२२ मध्ये ती निम्मी होऊन २,०२५ झाली. पाणी दिवसाआड नाही म्हणून पट्टी अर्धी, म्हणजे कमी देतो हे महापालिकेने स्वतःच लिहून दिल्यासारखं. वर टँकर आणि जारचे पैसे वेगळे, ते कुठल्याच करात धरले जात नाहीत. धरणाचंही तसंच. नाशिक-नगरच्या धरणांतून जायकवाडीत पाणी सोडायचं की नाही यावर दर पावसाळ्यानंतर भांडण व्हायचं. २०१४ मध्ये जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने खूण घालून दिली: १५ ऑक्टोबरला ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरून सोडा. भांडण थांबलं नाही, पण आता ते आकड्यावर होतं. "करात अशी ६५ टक्क्यांची खूण नाही, म्हणून तिथे नुसता आरडाओरडा आहे."

"आणि जायकवाडीच्या नाथसागराखाली गेलेली गावं? त्यांनी दिलं ते कुठल्या रकान्यात?"

"त्याला रकाना करू. मी नाही म्हणत नाही. जिल्हा कोषागारात प्रत्येक देयकाची नोंद आहे. जिल्ह्यात किती खर्च झाला हे दरवर्षी छापायला कुणाची हरकत आहे? कर कुठे मोजला जातो ते शेजारी लिहा, खाली टीप द्या की हा गल्ल्याचा आकडा आहे, देणाऱ्याचा नव्हे. बुडालेली जमीन लिहा. बिअरला गेलेलं पाणी लिहा."

"बरं. समृद्धी महामार्ग कुणाच्या नावावर लिहिशील? ७०१ किलोमीटर, नागपूर ते मुंबई. आपल्या जिल्ह्यातून जातो, जालन्यातून जातो."

"किलोमीटरप्रमाणे वाटून टाकू."

"म्हणजे जालन्याच्या माणसाला काही हजार कोटी मिळाले असं दिसेल. ज्याची जमीन त्यात गेली, त्याचा ट्रॅक्टर त्या रस्त्यावर चढू देत नाहीत. मोटारसायकलसुद्धा नाही."

"मग रकमेपुढे शेरा मारू," ती वहीचं नवं पान काढत म्हणाली. "ट्रॅक्टरला बंदी. मोटारसायकलला बंदी. आणखी काय?"

"लिही," मामा म्हणाले, "पलीकडच्या वावरात जायला किती किलोमीटरचा वळसा पडतो ते."